स्टिअरिंग व्हील बदलायचं म्हणताय?

स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर माझं मत सरळ आहे: हात लावू नका. देखण्या व्हीलपायी एअरबॅग घालवण्यात काय हशील? जुनी, बिनएअरबॅगची गाडी असेल तर खुशाल बदला.

लहान व्हील दिसतं झकास, पण पॉवर स्टिअरिंग नसेल तर दगडांतून गाडी काढताना खांदे भरून येतात. फार तर इंचभर कमी करा.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. चाकं सरळ ठेवून शाफ्ट (व्हील ज्यावर बसतं तो दांडा) आणि जुना हब (व्हील शाफ्टला जोडणारा मधला भाग) यांवर एक रेघ मारा. मधला नट सैल करा, पण दोन-तीन आटे राहू द्या; नाहीतर ओढताना व्हील सुटलं की थेट तोंडावर! हलतच नसेल तर पुलर (व्हील ओढून काढायचं हत्यार) लावा. हातोडा अजिबात नको, अपघातात दबण्यासाठी बनवलेला स्टिअरिंगचा कॉलम (शाफ्टभोवतीचा खांब) त्याने बिघडू शकतो. नव्या हबचे स्प्लाइन (आतले दाते) शाफ्टशी तंतोतंत जुळायलाच हवेत, उन्नीस-बीस चालत नाही. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (तिथे दिलेल्या जोरानेच) आवळा. हॉर्नची तार परत जोडायला बरेचजण विसरतात.

आणि चालवताना अंगठे व्हीलच्या आत, आऱ्यांमागे अडकवू नका. पुढचं चाक दगडावर आदळलं की व्हील गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो.