'सॅटरडे नाइट स्पेशल' म्हणजे गावठी कट्टा?

एका भाषांतरकार मैत्रिणीचा प्रश्न: लॉस एंजेलिसच्या आसपासच्या पिस्तूल-कारखान्यांवरच्या लेखात 'सॅटरडे नाइट स्पेशल' (अमेरिकेतलं छोटं, स्वस्त पिस्तूल) सारखं येतं. 'गावठी कट्टा' लिहिलं तर चालेल का?

मी नाही लिहिणार. कट्टा म्हटला की चोरून घडवलेला, बहुधा एकबारी नग डोळ्यांपुढे येतो. त्याला ना कंपनी, ना पावती. ही पिस्तुलं मात्र परवाना असलेल्या कारखान्यातून निघायची आणि दुकानात राजरोस विकली जायची. १९६८च्या कायद्याने अमेरिकेत स्वस्त परदेशी पिस्तुलांची आयात अडवली, देशी मालाला हात लावला नाही. ती फट जॉर्ज जेनिंग्जने हेरली आणि १९७०मध्ये 'रेव्हन' ही पिस्तूल-कंपनी काढली. पुढे मुलगा ब्रूसची 'ब्रायको' आली.

कट्ट्याचं कधी दिवाळं निघत नाही. ब्रायकोचं निघालं. तिच्या एका पिस्तुलात गोळ्या काढायच्या तर आधी सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली कळ, उघडावी लागे. १९९४मध्ये तसं करताना गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा जन्माचा पांगळा झाला. २००३मध्ये ज्यूरीने कंपनी आणि संबंधितांवर सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर बसवले. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. लिलावात त्या मुलानेही बोली लावली होती, उरलेला माल वितळवून टाकायचा म्हणून. पण ५ लाख १० हजार डॉलरला कारखाना गेला तिथल्याच जुन्या फोरमनकडे. त्याची 'जिमेनेझ आर्म्स'ही २०२०मध्ये दिवाळखोरीत गेली.

'वितळवून' हाच धागा धर. हे सांगाडे पोलादाचे नसत, जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. इलिनॉय राज्याच्या कायद्याने तर ८०० अंश फॅरनहाइटच्या आत वितळणारा धातू हीच अशा पिस्तुलांची खूण धरली. म्हणून मला 'जस्ताचं पिस्तूल' पटतं. 'जस्ती' नको, जस्ती बादली आतून लोखंडाचीच असते, वर नुसता मुलामा. (शिवाय घाईत कुणीतरी 'जास्ती पिस्तूल' वाचणारच.)

पहिल्यांदा 'सॅटरडे नाइट स्पेशल, म्हणजे जस्ताचं स्वस्त पिस्तूल' असं लिही, पुढे नुसतं 'जस्ताचं पिस्तूल'. शनिवारचं भाषांतर करू नकोस, आपल्या वाचकाला मारुतीच आठवेल. आणि 'पिस्तूल'मधला तू दीर्घ, 'पिस्तुलाचा'मधला ऱ्हस्व. तुझ्या मसुद्यात दोन्ही उलटे पडलेत.