उत्तर: जूनमध्ये आई-बाबांना घेऊन भाड्याच्या आरव्हीतून फोर्ट विल्डरनेस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून आलेले आई-बाबा, तुम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून सहा जण. अटलांटाहून भाड्याची आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, मोटारहोम) घेऊन जूनमध्ये फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डच्या फोर्ट विल्डरनेस कँपग्राउंडमध्ये पाच रात्री राहायचं. हॉटेलपेक्षा हे परवडेल का? तुमच्या पोस्टमधल्या एका ओळीमुळे लिहायला बसलो: "काउंटरवाले म्हणाले, तुमच्या गाडीचा इन्शुरन्स आरव्हीलाही चालतो." असंच एक वाक्य आम्हालाही ऐकवलं होतं आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. हुकअप (कँपग्राउंडवर गाडीला मिळणारी वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी) म्हणजे काय, बुकिंग कसं करायचं हे तुम्ही वाचलेलं दिसतंय, ते सोडून देतो.

आधी हिशेब. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला. अटलांटाहून तिथे एका बाजूने साधारण 440 मैल. पिकअपचं येणं-जाणं धरून 920 मैल पकडा. 28-30 फुटी क्लास सी (चालकाच्या केबिनवर झोपायची जागा असलेली आरव्ही) गॅलनला जेमतेम 8 मैल देते, म्हणजे 115 गॅलन. सव्वातीन डॉलर भावाने 375 डॉलर पेट्रोल. त्यावर भाड्याने देणाऱ्यांचा मैलाचा दर वेगळा. 40 सेंट धरले तरी 370. गाडी बहुतेक ठिकाणी दुपारी ताब्यात देतात आणि परत मागतात सकाळी, त्यामुळे पाच रात्रींच्या सहलीसाठी भाडं सात रात्रींचं पडतं. रात्रीला 180 म्हटलं तर 1,260. डॅमेज कव्हर रोजचे 35 म्हणजे 245. सहा जणांची अंथरुणं-पांघरुणं आणि भांडी भाड्याने घेतलीत तर 200. साइटचं, म्हणजे आरव्ही उभी करायच्या जागेचं, भाडं हंगामाप्रमाणे खूप हलतं, मी 170 धरतो, पाच रात्रींचे 850. जाता-येता वाटेत एकेक मुक्काम, मिळून 110. झाले सुमारे 3,400. गोल्फ कार्ट घेतलीत तर 3,700 च्या पुढे.

आता समोर काय आहे ते बघा. डिस्नीजवळच्या किसिमी किंवा डेव्हनपोर्टला तीन-चार बेडरूमचं भाड्याचं घर, रात्रीला सव्वादोनशेच्या आसपास, पूर्ण स्वयंपाकघर, आई-बाबांना स्वतंत्र खोली आणि बाथरूम. पार्किंगचे दिवसाला साधारण 30 डॉलर द्यावे लागतात आणि डिस्नीच्या रिसॉर्टच्या पाहुण्यांना पार्कमध्ये मिळणारा अर्ध्या तासाचा लवकर प्रवेश मिळत नाही. तो हवाच असेल तर डिस्नीच्या हॉटेलांपैकी ऑल-स्टार म्युझिक किंवा आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमधले फॅमिली सुइट सहा जणांचे असतात, दोन बाथरूमसह. स्वस्त नाहीत, पण आरव्हीच्या एकूण बेरजेशी बरोबरी होते आणि नऊ तास ट्रकसारखी गाडी हाकावी लागत नाही. म्हणजे पैसे वाचवायचे हा हेतू असेल तर भाड्याच्या आरव्हीचा विचार इथेच थांबवा. स्वतःची आरव्ही असती तर हिशेब उलटा झाला असता: वरच्या 3,400 पैकी जवळजवळ 1,900 रक्कम फक्त भाडं, मैल आणि कव्हर यांचीच आहे.

पैशांइतकाच महत्त्वाचा वेळ. फोर्ट विल्डरनेस साधारण 750 एकरांवर पसरलंय आणि आत स्वतःची गाडी घेऊन फिरू देत नाहीत, फक्त साइटवर येता-जाता. आपल्या लूपमधून (साइट ज्या वळणाच्या रस्त्यावर आहे तिथून) आतली बस पकडायची, ती डेपोला सोडणार. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम या पार्कांसाठी प्रवेशाजवळच्या आउटपोस्ट डेपोवरून दुसरी बस. मॅजिक किंगडम पार्कला बोट, ती दुसऱ्या टोकाच्या सेटलमेंट या भागातल्या धक्क्यावरून. दारापासून पार्कच्या गेटपर्यंत तासभर धरून चाला. लवकर प्रवेशाचा अर्धा तास मिळवायचा तर साइटवरून त्याच्या दीड तास आधी निघायला हवं, सहा जणांत एक बाथरूम असताना. शिवाय जूनमध्ये दुपारी विजांसह पाऊस पडतो, तेव्हा बोटी थांबवतात आणि बसला रांग लागते. म्हणूनच लोक गोल्फ कार्ट घेतात. ती कँपग्राउंडच्या आतच चालते, पार्कपर्यंत नाही, पण डेपो आणि धक्का गाठायला तिचा खरा उपयोग होतो. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर ती चैन म्हणून धरू नका, खर्चातच धरा, आणि साइट बुक केल्या दिवशीच सांगून ठेवा, संपतात. 100, 200, 300 हे लूप धक्क्याच्या जवळ आहेत. जास्त दिवस मॅजिक किंगडमला जाणार असाल तर तेच मागा. विनंती करता येते, खात्री देत नाहीत. 1500 आणि 2000 हे लूप तंबूवाल्यांचे, तिथे सांडपाण्याची जोडणी नाही.

आता इन्शुरन्स. मी एजंट नाही, वकीलही नाही. तरीही हे नीट वाचा.

गाडीची पॉलिसी भाड्याच्या कारला लागू होते म्हणून ती मोटारहोमलाही लागू होईल असं नाही. लायबिलिटी (दुसऱ्यांच्या इजेची, नुकसानीची भरपाई) पुढे लागू करणाऱ्या काही पॉलिसी असतात, पण खुद्द आरव्हीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा वगळलेला असतो. क्रेडिट कार्डाच्या भाडे-कव्हरमध्ये तर आरव्ही आणि मोटारहोम बहुतेक कार्डांच्या अपवादांच्या यादीत सरळ लिहिलेले असतात. आणि भाड्याबरोबर येणारी लायबिलिटी अनेकदा राज्याच्या किमान रकमेपुरती असते. जॉर्जियात ती 25/50/25 आहे: एका माणसाच्या इजेला 25 हजार, एका अपघाताला 50 हजार, मालमत्तेला 25 हजार डॉलर. एवढ्या मोठ्या गाडीने आय-75 महामार्गावर जाताना ही रक्कम काहीच नाही.

आम्हाला फटका बसला तो यातल्या सगळ्यात बारीक अक्षरांत. भाड्याने देणाऱ्या ऑफिसात तोंडी सांगितलं की सगळं कव्हर आहे, त्यांचं जादा कव्हर घेतलंत तर काळजीच नको. ते घेतलं. दुपारच्या वादळात ऑनिंगची (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराची) एक बाजू वाकली. परत देताना कळलं की ऑनिंग, छत, गाडीचा खालचा भाग, टायर आणि आतलं सामान त्या कव्हरच्या बाहेर. डिपॉझिटमधून पैसे कापले. ऑफिस म्हणे क्लेम विभागाशी बोला, क्लेम विभाग म्हणे निर्णय ऑफिसचा. दुरुस्तीचं बिल मागितलं तर अंदाजपत्रक पाठवलं, तारीख नसलेलं. मालकीची गाडी असेल तर ऑनिंगचा हात वाकणं ही फार मोठी गोष्ट नाही. इथे नव्या अख्ख्या ऑनिंगची रक्कम लावली होती. मला अजून संताप येतो तो या गोष्टीचा की काउंटरवरच्या माणसाला हे अपवाद ठाऊक असतातच, फ्लोरिडाला जाणारं गिऱ्हाईक तो रोज बघतो, आणि तरी "सगळं कव्हर आहे" म्हणतो.

म्हणून हे करा. आपल्या एजंटला ईमेलने विचारा, फोनवर नको: "भाड्याच्या क्लास सी मोटारहोमला माझी लायबिलिटी, कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह लागू आहे का, आणि किती रकमेपर्यंत?" कोलिजन म्हणजे धडकेतलं नुकसान, कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे वादळ, चोरी असं बाकीचं. उत्तर लेखी घ्या. भाडं देणाऱ्या ऑफिसकडून कव्हरचा पूर्ण मसुदा पैसे भरायच्या आधी मागा आणि त्यात 'अपवाद' हाच भाग वाचा. मसुदा पिकअपच्या दिवशीच मिळेल असं म्हणणारं ऑफिस सोडून द्या, मग भाडं कितीही कमी असो. गाडी घेताना ऑनिंग पूर्ण उघडून, बंद करून व्हिडिओ घ्या. सेल्फी स्टिकवर फोन लावून छताचे फोटो काढा, एसीची झाकणं आणि पुढच्या कडा दिसल्या पाहिजेत. काचेवरचे टवके, पायरी, टायरच्या बाजू, टाक्यांचे व्हॉल्व्ह, ओडोमीटर आणि जनरेटरचं तास-मीटर, सगळं. त्यांच्या माणसाला फ्रेममध्ये घ्या. परत देताना तेच पुन्हा, आणि सही घेतल्याशिवाय जागा सोडू नका. छताचं लक्षात ठेवा: क्लास सी 11-12 फूट उंच असते आणि ड्राइव्ह-थ्रूची कमान 9 फुटांच्या आसपास. वरून लागलेला मार बहुतेक कव्हरमध्ये नसतो.

ऑनिंगचा नियम माझ्या मते एकच: साइटवर मोठं माणूस जागं नसेल तर ती बंद. पार्कला जाताना बंद, झोपताना बंद. उघडी असताना एक कोपरा खाली ठेवा म्हणजे पाणी वाहून जाईल. कापडात साठलेल्या पाण्याच्या वजनानेही हात वाकतात, वारा लागतोच असं नाही.

वीज हा दुसरा विषय, कारण तुम्ही स्वयंपाक करणार म्हणताय. भाड्याच्या बहुतेक गाड्या 30 अँपच्या, म्हणजे 120 व्होल्टवर 3,600 वॅट. छतावरचा एसी एकटा 12 ते 16 अँप घेतो, मायक्रोवेव्ह 12 च्या आसपास, 1,800 वॅटची इंडक्शन शेगडी 15. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी इलेक्ट्रिक केटल लावली की ब्रेकर पडलाच. बाहेरच्या खांबावर 20 अँपचं वेगळं आउटलेट असतं. इन्स्टंट पॉट किंवा इंडक्शन तिथून, जाड म्हणजे 12 गेजच्या बाहेरच्या वापराच्या कॉर्डने, पिकनिक टेबलावर लावा. फोडणीही बाहेरच. आत मोहरी तडतडली की छताजवळचा स्मोक अलार्म ओरडतोच, आणि त्याची बॅटरी काढून ठेवायचा मोह कृपया टाळा. तो आणि जमिनीलगतचा गॅस डिटेक्टर, दोन्ही चालू पाहिजेत. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात टाका. खरकटं आणि शितंही सिंकमध्ये जाऊ देऊ नका, ग्रे टँकमध्ये (सिंक आणि अंघोळीच्या पाण्याच्या टाकीत) कुजून दुसऱ्या दिवशी वास सुटतो. आणि एका एसीकडून बाहेरच्यापेक्षा 20 अंश फॅरनहाइट कमी एवढीच अपेक्षा ठेवा. सकाळी निघताना बंद करून गेलात तर संध्याकाळी गाडी थंड व्हायला फार वेळ लागतो.

टाक्यांबद्दल एवढंच. सांडपाण्याची जोडणी असली तरी ब्लॅक टँकचा (टॉयलेटच्या टाकीचा) व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी साठून बसतो. दोन तृतीयांश भरली की आधी ब्लॅक रिकामी, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. आपल्याकडे पाणी वापरतात त्यामुळे ब्लॅक लवकर भरते, सहा जणांत रोज बघावं लागेल. पण जास्त पाणी टाकीसाठी चांगलंच, आई-बाबांना त्यावरून संकोच वाटू देऊ नका. टॉयलेटचं पेडल पायाने दाबायचं असतं, ते आधी दाखवून ठेवा.

आई-बाबांच्या दृष्टीने मला खरी अडचण दिसते ती झोपायची आणि बसायची. केबिनच्या वरची जागा शिडी चढून जायची, ती मुलांना द्या. मागची खोली आई-बाबांना द्यावी लागेल, मग तुम्ही दोघं जेवणाचं टेबल मोडून केलेल्या पलंगावर, म्हणजे सगळ्यात आधी उठणाऱ्याच्या वेळेला सगळे उठणार. चालत्या गाडीत आडव्या सोफ्यावर मुलाची कार सीट लावता येत नाही, आणि डायनेटला (जेवणाच्या टेबलाच्या बाकांना) बरेचदा फक्त कमरेचा पट्टा असतो. किती सीट पुढे तोंड करून आहेत आणि कुठला पट्टा आहे, हे फोटोसह विचारा. तरीही आरव्हीच ठरली तर माझा आग्रह आहे की तुमची मिनीव्हॅन कुणीतरी बरोबर चालवत आणावी. आई-बाबा आणि मुलं तिच्यात नीट बसतील, किराणा आणता येईल, केनेडी स्पेस सेंटरला जायचं झालं तर आरव्हीचे पाइप आणि वायरी काढाव्या लागणार नाहीत. पेट्रोलचे सव्वाशे-दीडशे डॉलर वाढतील, ते वाढू द्या.

मग कुणी करावं हे? ज्यांची स्वतःची गाडी आहे, कुत्रा बरोबर आहे, किंवा ज्यांना पाचपैकी दोन-तीन दिवस झाडांखालीच काढायचे आहेत, त्यांच्यासाठी ही जागा फार छान आहे. संध्याकाळची शेकोटी, मोकळ्यावरचा सिनेमा, सायकली, पोहण्याचे तलाव, मुलांना पार्कची आठवणही येत नाही. पण तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा कार्यक्रम. जूनमध्ये, रोज पार्कला जायचं ठरवून, भाड्याच्या गाडीने, ज्येष्ठांना घेऊन: मी नाही म्हणेन. जागाच आवडली असेल तर तिथल्याच कॅबिन बघा, सहा जण मावतात, पूर्ण स्वयंपाकघर असतं. बाथरूम मात्र एकच आणि दर चढा.

मुलांची आरव्हीची हौस वेगळी भागवता येईल. अटलांटाजवळ स्टोन माउंटन पार्कच्या कँपग्राउंडला पूर्ण हुकअपच्या साइट आहेत, तळ्याकाठी. ऑक्टोबरात एक लांब वीकएंड तिथे काढा, भाड्याला किमान रात्रींची अट असते ती आधी विचारून. मैल जवळजवळ लागत नाहीत, आणि काही बिघडलं तर ऑफिस अर्ध्या तासावर असतं.

तुमच्या कोटेशनमधली कव्हरची पानं, नाव-पत्ता झाकून, इथे टाकलीत तर अपवाद कुठे बघायचे ते मी खुणा करून दाखवेन.