वाचकांचे प्रश्न : आठवडाभराची सेवा

प्रश्न : आमच्या चर्चचा तरुणसंघ आठवडाभरासाठी महानगरातील एका गरीब वस्तीत सेवेला जाणार आहे. इतक्या थोड्या दिवसांत काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो, मात्र काम कोणते करायचे, हे वस्तीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या स्थानिक मंडळीने ठरवलेले असावे. नाहीतर गेल्या महिन्यात एका गटाने रंगवलेली भिंत दुसरा गट पुन्हा रंगवतो, आणि यजमान संकोचाने गप्प बसतात. १८८४ मध्ये पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल हे गरीब वस्तीतील सेवाकेंद्र सुरू झाले आणि १८८९ मध्ये शिकागोत जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी हल हाउस हे तसेच केंद्र सुरू केले, तेव्हा कार्यकर्ते वस्तीतच मुक्कामाला राहिले. तुम्हाला ते शक्य नाही, म्हणून जे तिथे आधीपासून आहेत त्यांच्या हाताखाली काम करा. धान्याच्या पिशव्या भरणे, भांडी घासणे, वृद्धांजवळ बसून त्यांचे ऐकणे ही कामे किरकोळ वाटतात (तरुणांना तर फारच), पण तीच बहुधा उपयोगी पडतात. मुलांची छायाचित्रे पालकांच्या परवानगीविना काढू नयेत, आणि कोणाही मुलाबरोबर एकट्या स्वयंसेवकाने थांबू नये, हा नियम निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावा. परतल्यावर महिन्याभराने त्या मंडळीला फोन करून काय राहिले ते अवश्य विचारा.