अंध भाच्याला पुण्यात कॉलेजसाठी स्क्रीन रीडर आणि ब्रेल डिस्प्ले लगेच घ्यावा का? किमती ऐकून धडकी भरली आहे.

लगेच काहीच विकत घेऊ नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आहे. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने, मायकेल करनने, तो सुरू केला, कारण महागडं सॉफ्टवेअर अंधांनीच का घ्यायचं हा त्याचाही प्रश्न होता. पेन ड्राइव्हवर टाकला की कॉलेजच्या लायब्ररीतल्या पीसीवरही चालतो. मराठी वाचतो, आवाज यांत्रिक आहे, पण कान सरावतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा तसाच स्क्रीन रीडर असतोच.

पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचायच्या ठिपक्यांत उमटवणाऱ्या ब्रेल डिस्प्लेचं मात्र वेगळं आहे. त्याच्या एकेका अक्षराला आठ टाचण्या, आणि बहुतेक यंत्रांत प्रत्येक टाचणी वरखाली करायला स्वतंत्र पिझो पट्टी, म्हणजे वीज दिली की वाकणारी पट्टी. चाळीस अक्षरांच्या ओळीला 320! त्यात गिऱ्हाईक मोजकं, म्हणून किंमत उतरत नाही. गणित किंवा संगीत घेणार असेल तरच त्याचा विचार करा, आणि आधी दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत काय मिळतं ते पाहा. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आत्ताच काढून ठेवा.

खरी डोकेदुखी नोट्सची. जुन्या, युनिकोड (संगणकावर अक्षरं साठवायची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी नोट्स स्क्रीन रीडर अगम्य बडबडल्यासारख्या वाचतो. प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात भेटून युनिकोड फाइल मागा; हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हेत. पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा.