झटक्यानंतरचा ईईजी हाताबद्दल काय सांगतो?

प्रश्न: आई ६८ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन तिचा डावा हात लुळा पडला. फिट आलेली नसताना ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला. ‘उजवीकडे संथ लहरी’ असा रिपोर्ट आला. डोक्याच्या डॉपलरमध्ये ‘उजवी खिडकी मिळाली नाही’ असं लिहिलंय. हात आता सुधारणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: या दोन शेऱ्यांवरून तसं म्हणता येत नाही. खिडकीची भीती आधी काढून टाका. ही डॉपलर ध्वनिलहरींनी कानशिलाच्या पातळ हाडातून (हीच ‘खिडकी’), साधारण ५० मिलिमीटर आत असलेल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजते. उतारवयात, विशेषतः बायकांमध्ये, या हाडातून ध्वनिलहर पुष्कळदा आत शिरतच नाही. शेरा हाडाबद्दल आहे, रक्तप्रवाहाबद्दल नाही.

संथ लहरींचं तसं नाही. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते ३० च्या खाली गेलं की जलद लहरी मावळू लागतात, २० च्या खाली डेल्टा, म्हणजे सेकंदाला चारहून कमी लहरी, पसरतात आणि १० च्या खाली पेशी मरतात. म्हणून डेल्टाला अल्फाने (सेकंदाला ८ ते १३) भागतात आणि दोन्ही बाजू ताडून पाहतात. भागाकार मोठा आला तर सुधारणा कमी होण्याची शक्यता वाढते.

पण हा आकडा फार सहज फसतो. पापणीची उघडझाप कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर डेल्टासारखीच उमटते. डुलकी लागली तरी डेल्टा वाढतो. तेलकट केसांत इलेक्ट्रोड चिकटवायची पेस्ट नीट धरत नाही. क्लोनाझेपामसारख्या गोळीने जलद बीटा लहरी वाढतात.

हाताचा अंदाज हातावरूनच जास्त नेमका येतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या प्रेप-२ पद्धतीत तिसऱ्या दिवशी हात कडेने उचलण्याला आणि बोटं सरळ करण्याला प्रत्येकी ० ते ५ गुण देतात. बेरीज ५ किंवा अधिक आणि वय ८० च्या आत असेल, तर तीन महिन्यांत हात जवळजवळ पूर्ववत होईल असा अंदाज धरतात. बेरीज कमी असेल तर डोक्यावरून मेंदूला चुंबकीय स्पंद देऊन मनगटाचा स्नायू हलतो का, ते पाहतात. हे सगळं करूनही साधारण चारांत एकाचा अंदाज चुकतो. तेव्हा डिस्चार्जच्या कागदांत फिजिओची तिसऱ्या दिवसाची नोंद शोधा.

ईईजी पुन्हा काढायचा झाल्यास आदल्या दिवशी केस शांपूने धुवा, तेल लावू नका. गोळ्यांची यादी तंत्रज्ञाला दाखवा, पण एकही गोळी मनाने बंद करू नका. आणि आई जाग्या असताना, डोळे मिटून काढलेला भागच मोजायला सांगा.