'जिद्द' ही ओळ काढून टाक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा रात्रीच वाचून काढला. ॲम्स्टरडॅमचं ते ज्यू कुटुंब नाझी छावण्यांतून जगून परतलं ते जिद्दीच्या बळावर, असं तू लिहिलंयस. ती ओळ काढून टाक. जिद्द नव्हती असं मी म्हणत नाही. पण मग जे गेले, त्यांची जिद्द कमी पडली का? नकळत तू मेलेल्यांवर ठपका ठेवतेस, आणि ते मला फार लागलं.

आधी वेस्टरबोर्क नीट समजून घे. १९३९ साली डच सरकारनेच ही छावणी जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी उभारली. जुलै १९४२मध्ये जर्मनांनी ती हातात घेतली. तिथे शाळा होती, मोठं इस्पितळ होतं. आणि बहुतेक दर मंगळवारी पूर्वेकडे, मृत्युछावण्यांकडे गाडी सुटायची. आदल्या रात्री बराकीत नावं वाचली जात. आईबाप खाटेवर उठून बसलेले, मुलं झोपेत. आपलं नाव आलं नाही की जीव भांड्यात पडायचा, आणि तेवढ्यात शेजारची बाई गाठोडं बांधायला लागलेली दिसायची. एक लाखाहून जास्त माणसं या गाड्यांनी गेली; परतली जेमतेम पाच हजार.

नाव वगळलं जायचं ते ओळखपत्रावरच्या शिक्क्यामुळे, पॅलेस्टाईनला जाऊन राहायची परवानगी देणाऱ्या प्रमाणपत्रामुळे. तीही सूट तात्पुरती, केव्हाही रद्द होणारी. गाडीचा आकडा मात्र भरावाच लागे. एकाचं नाव गळलं की दुसऱ्याचं चढे. वाचलेली कितीतरी माणसं हे ओझं जन्मभर वागवत राहिली. तुझ्या लेखात ते कुठेच नाही.

वेस्टरबोर्कहून काहींना जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छावणीत नेलं. तिथे परदेशात अडकलेल्या जर्मनांशी अदलाबदलीसाठी राखून ठेवलेल्या ज्यूंपैकी २२२ जण जुलै १९४४मध्ये पॅलेस्टाईनला पोचले. बाकीचे जुने जोडे उसवून चामडं सुटं करत राहिले, तासन्‌तास हजेरीला उभे राहिले. त्या हिवाळ्यात भुकेने आणि टायफसने माणसं पटापट गेली. एप्रिल १९४५मध्ये तीन गाड्या भरून कैद्यांना तिथून हलवलं. एक १३ एप्रिलला फार्सलेबेनजवळ अमेरिकन सैन्याला सापडली. आणखी एक भटकत राहिली, ती २३ तारखेला ट्रोबिट्झला रशियनांनी सोडवली. तोवर डब्यांत प्रेतं साचली होती. कुठल्या गाडीत बसायचं, हे कैद्यांच्या हातात नव्हतं.

पुढच्या भेटीत त्या कुटुंबातल्या आजींना 'कशा वाचलात?' असं विचारू नकोस. कुठला कागद होता, तो कुणी मिळवून दिला, रद्द कधी झाला, ते विचार. त्या थांबल्या तर तूही थांब. मंगळवारचा भाग लिहून झाला की आधी तोच पाठव.

तुझ्या लेखाची वाट पाहणारा,
तुझा सर