बेळगाव भागातला मराठी माणूस नक्की कुठला? बाहेर गेल्यावर स्वतःसारखं कसं राहायचं?

माझंच सांगतो. मी खानापूरचा, घरात मराठी, बाजारात कन्नड. पुण्यात जॉबला लागलो तर रूमवरचे म्हणायचे तू कन्नडिगा, आणि बेंगळुरूला गेलो की तुम्ही महाराष्ट्रवाले. १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तेव्हा आजोबांना कोणी विचारलं नव्हतं, तो राग घरात अजून आहे आणि खरा आहे, पण लहानपणापासून बोलतोय ते कन्नडसुद्धा माझंच आहे हो, उसनं नाही.

पुण्यात दोन वर्षं मी बोली लपवली, 'करतोय'च्या जागी आमचं 'करूलालोय' तोंडात आलं की गिळायचो. एकदा मेसमध्ये आईचा फोन आला, सगळ्यांसमोर 'जेवूलालोय गे आई' म्हणून गेलो आणि जीव एकदम हलका झाला. तेव्हापासून ऑफिसातपण असंच बोलतो.